गाडी नसताना एका दिवसात चिखलदरा आणि गाविलगड: कसे जमवावे?

अंजनगावकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि शाळेतून निवृत्त होऊन मला वर्ष झाले आहे. आमच्या शेताच्या बांधावर उभे राहिले की उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसते. माझी आई लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून ती रांग रोज पाहते आहे, पण तिच्यावर चढून जाण्याचा योग तिला कधी आला नाही. आता तिचे वय ७६ आहे. गुडघे कुरकुरतात, तरी ती रोज मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाते. या हिवाळ्यात तिला आणि सौ.ला चिखलदरा व गाविलगड दाखवून त्याच रात्री घरी परतावे असा माझा विचार आहे. मुक्काम करता येत नाही, कारण दारात दोन म्हशी आहेत आणि एका दिवसाची धार शेजाऱ्यावर सोपवता येते, दोन दिवसांची नाही.

आमच्याकडे चारचाकी नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघे एका खासगी सहलीच्या बसने गेलो होतो. जाहिरातीत एका दिवसात नऊ पॉइंट दाखवण्याचे आश्वासन होते आणि ते त्यांनी शब्दशः पाळले, म्हणजे प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे उतरवले आणि शिटी वाजवून परत चढवले. किल्ल्याच्या वाटेवर बस थांबली आणि वेळ संपल्याचे सांगून तशीच वळली. म्हणून विचारतो: एसटीने जाऊन, वर एखादा माहितगार वाटाड्या सोबत घेऊन, हे एका दिवसात नीट पाहता येईल का? आईला किल्ल्यात चालवेल का? आणि जंगल सफारीही त्याच दिवशी बसवता येईल का?

परतवाड्याचा रहिवासी

गुरुजी, पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे आणि तिसऱ्याचे नकारार्थी.

स्वतःचे वाहन नसले की दिवसाचा हिशेब परतीपासून मांडावा लागतो. परतवाड्याच्या बसस्थानकावर उतरलात की वर जाणाऱ्या गाडीच्या आधी चौकशीच्या खिडकीवर खाली येणारी शेवटची आणि तिच्या आधीची, अशा दोन्ही गाड्यांच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्याव्यात आणि आपला बेत शेवटच्या नव्हे, तर तिच्या आधीच्या गाडीवर बेतावा. घाटात एखादा मालट्रक अडकला, धुके उतरले किंवा गाडी रद्द झाली, तर शेवटची गाडी हातची राहते. लोक नेमके उलटे करतात आणि मग संध्याकाळी स्थानकावर जीपवाल्यांशी घासाघीस करत बसतात.

परतवाड्याहून वर जायला दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढीकडून आणि दुसरी घटांगकडून. घटांगची वाट लांबची आहे, पण जंगल तिकडेच अधिक दाट लागते. तुमची गाडी कोणत्या वाटेने जाते हे वाहकाला आधी विचारा. आईंना गाडी लागत असेल तर पुढच्या चाकाच्या आसपासची जागा घ्यावी, मागच्या चाकावर बसू नये, आणि निघण्यापूर्वी पोट अगदी रिकामेही ठेवू नये.

तिकिटाचा खर्च फारसा नाही. ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट लागते. आईंचे आधार कार्ड मात्र पिशवीच्या तळाशी नको, हाताशी असावे. म्हणजे तुमच्या घरात पूर्ण तिकीट काढणारे तुम्ही एकटेच!

वर पोहोचल्यावर स्थानकाजवळ जीपवाले आणि ऑटोवाले भेटतील. त्यांतले बरेच जण स्वतःच मार्गदर्शक म्हणवतात, पण अनेकांची माहिती कीचकाच्या कथेपाशी सुरू होऊन तिथेच संपते: भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा. कथा गोड आहे, पण तेवढ्यासाठी वाटाड्या लागत नाही. किल्ल्यासाठी आसपासच्या वस्तीतला, गुरे घेऊन किंवा कामासाठी त्या भागात नित्य फिरणारा माणूस विचारून घ्यावा. बोलणी करताना तीन गोष्टी निघण्यापूर्वीच ठरवाव्यात: किती तास, कोणकोणती ठिकाणे, आणि नाक्यावरचे प्रवेशशुल्क कोणी भरायचे. रोख पैसे सोबत ठेवा, कारण फोनची रेंज नसली की मोबाइलने पैसे देण्याचा प्रश्नच उरत नाही.

माझा सल्ला असा की गाविलगडाला पूर्ण तीन तास द्यावेत, त्यानंतर भीमकुंड आणि देवी पॉइंट पाहावेत आणि तिथे थांबावे. पंचबोल, मोझरी, हरिकेन, वैराट ही नावे ऐकून मन चळेल, पण दरी सगळीकडून एकच आहे. शनिवार-रविवार मात्र टाळा.

मेळघाटचा पाहुणा

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. चिखलदऱ्यापर्यंत जाऊन जंगल न पाहता परतणे मला पटत नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात प्रथम जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे आणि सेमाडोह किंवा कोलकास येथे सिपना नदीकाठी काढलेली एक सकाळ दहा पॉइंटांच्या बरोबरीची आहे, मग वाघ दिसो वा न दिसो. परंतु सफारी पहाटे किंवा दुपारनंतर निघते आणि या दोन्ही वेळा एसटीच्या वेळापत्रकाशी जुळत नाहीत, हे मान्य करावे लागेल. तेव्हा म्हशींची एका रात्रीची व्यवस्था करा, असेच मी सुचवेन.

इतिहासाचा विद्यार्थी

आईंना किल्ल्यात चालवेल का, या प्रश्नाचे उत्तर किल्ल्याच्या इतिहासातच आहे. दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या बाजूने, गाविलगड उभ्या कड्यावर आहे आणि तिकडून चढणे कठीण आहे. उत्तरेकडून मात्र तो चिखलदऱ्याच्या पठाराला जवळजवळ जोडलेला आहे. नोव्हेंबर १८०३ मध्ये आडगावच्या लढाईत नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली या किल्ल्याकडे वळला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने तोफा डोंगरातून ओढत मोठा वळसा घालून याच उत्तरेच्या बाजूला आणल्या. १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. हाच वेलस्ली पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला. सांगायचे एवढेच की ज्या बाजूने तोफा आल्या त्या बाजूने गुरुजींच्या आईही हळूहळू जाऊ शकतील. वाट दगडांची आहे, काठी सोबत असावी आणि चप्पलऐवजी पायात घट्ट बसणारे पादत्राण असावे.

वाटाड्याकडून दोन गोष्टी अवश्य दाखवून घ्याव्यात. दिल्ली दरवाजावर सिंह आणि गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, कोरलेला आहे. बहुतेक पर्यटक त्याखालून छायाचित्रे काढत निघून जातात आणि मान वर करत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे तलाव. १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने हा किल्ला बांधून घेतला असे मानतात, आणि एवढ्या उंचीवर फौज राखायची तर पाणी कुठे साठवले असेल हा प्रश्न मनात ठेवून फिरले की प्रत्येक तलावाला अर्थ येतो. नावातला ‘गाविल’ गवळ्यांवरून आला असे सांगतात, आणि त्या पठारावर आजही गवळी समाजाच्या वस्त्या आहेत.

बचत गटाची ताई

गुरुजी, गावातून आणखी माणसे तयार होत असतील तर एसटीच्या प्रासंगिक कराराची चौकशी आगारात करून पाहा. लग्नाच्या वऱ्हाडासाठी जशी पूर्ण गाडी घेतात तशीच सहलीसाठीही मिळते. आमच्या गटाच्या महिला अशाच गेल्या होत्या. गाडी आपल्यासाठी थांबून राहते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना घाई होत नाही. फक्त अनामत रक्कम आधी भरावी लागते आणि ठरलेल्या वेळेपेक्षा गाडी जास्त थांबवली तर आकारही वाढतो, म्हणून जेवणाचे डबे घरूनच न्यावेत. हॉटेलात तीस माणसांची ताटे लागेपर्यंत आमचा दीड तास गेला होता. वाटेतल्या गवळ्यांचा खवा मात्र घ्या.

अंजनगावकर

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारी आम्ही तिघे जाऊन आलो. गावातून माणसे जमली नाहीत, त्यामुळे प्रासंगिक करार राहिला आणि साध्या गाडीनेच गेलो. मेळघाटच्या पाहुण्यांची क्षमा मागतो, सफारी म्हशींमुळे राहिली.

वर स्थानकासमोरच्या चहावाल्याने त्याच्या ओळखीचा एक कोरकू मुलगा बोलावून दिला. तो आम्हाला मराठीत माहिती देत होता आणि वाटेत भेटलेल्या बायकांशी कोरकूत बोलत होता. मी सवयीने त्याची शिकवणी घ्यायला निघालो आणि कोरकू ही गोंडीची बहीण आहे का असे विचारले, तेव्हा त्याने मलाच शिकवले की गोंडी वेगळी आणि कोरकू वेगळी. घरी येऊन पाहिले तर त्याचेच बरोबर होते: गोंडी द्राविडी कुळातली आहे आणि कोरकू मुंडा कुळातली.

किल्ल्यात आम्हाला साडेतीन तास लागले. त्याने आईला कुठेही ओढले नाही. थोडे चालायचे, दगडावर बसायचे, तोवर तो एखाद्या झाडाचा किंवा भिंतीचा विषय काढायचा. दिल्ली दरवाजाखाली त्याने आपल्या काठीचे टोक वर करून गंडभेरुंड दाखवला. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “एकाच अंगाला दोन तोंडं म्हणजे खायला दुप्पट लागत असेल.” दक्षिणेच्या तटावरून खाली वऱ्हाड दिसले, पण हवा धुरकट असल्याने आमचे गाव ओळखू आले नाही. तरीही अंजनगाव कोणत्या दिशेला ते त्या मुलाने दाखवले आणि आई तिकडे तोंड करून तिथेच जेवायला बसली.

त्यानंतर फक्त भीमकुंड पाहिले. देवी पॉइंट सोडला, कारण आईचे पाय बोलू लागले होते.

पुढे जाणाऱ्यांसाठी एक अनुभव नोंदवतो. परतीची गाडी आम्ही वाटेतल्या फाट्यावर धरण्याचा विचार करत होतो, कारण स्थानकापर्यंत पुन्हा ऑटोचे पैसे मोडायचे नव्हते. वाटाड्याने ते करू दिले नाही आणि आम्हाला स्थानकावरच बसवले. गाडी तिथेच भरली. फाट्यावर चढलेली माणसे परतवाड्यापर्यंत दांड्याला धरून उभी होती. खवा घेतला, पण बंद डब्यात ठेवल्याने घरी येईपर्यंत त्याला किंचित वास आला होता. तो पातळ कापडात बांधून न्यावा, असे सौ.चे म्हणणे आहे.