प्रेमकादंबरी लिहिणाऱ्यांचे रोजचे काम नेमके कसे असते?

परभणीची वाचक (प्रश्न)

नमस्कार. गेली वीस वर्षे मी वाचनालयातून कादंबऱ्या आणून वाचते आणि त्यांत प्रेमकादंबऱ्या सर्वांत जास्त असतात. शेवटी नायक-नायिका एकत्र येणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही तीनशे पाने हातातून सुटत नाहीत, हे कसे साधत असेल याचे मला फार नवल वाटते. लेखक रोज ठरलेल्या वेळी बसून लिहितात की सुचेल तेव्हा? प्रसंग स्वतःच्या आयुष्यातले असतात का? घरची माणसे काय म्हणतात? टोपणनाव घ्यावे का, आणि या लेखनावर घर चालते का? माझी भाची अकरावीत आहे, दोन वह्या भरून तिने एक प्रेमकथा लिहिली आहे आणि तिला पुढेही हेच करायचे आहे. म्हणून जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

लातूरची लेखिका

ताई, नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि सतरा वर्षांपासून प्रेमकादंबऱ्या लिहिते. नऊ प्रसिद्ध झाल्या आहेत.

पहाटे पाच ते साडेसात ही माझी लिहिण्याची वेळ आहे. नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर त्यातला अर्धा तास भांडी भरण्यात जातो, पण वही उघडल्याशिवाय दिवस जात नाही. फुलस्केप वहीत हाताने रोज सुमारे सातशे शब्द होतात. सुचण्याची वाट मी पाहत नाही, कारण बसल्याशिवाय सुचत नाही असा माझा अनुभव आहे. पहिला खर्डा पाच महिन्यांत होतो. मग तो महिनाभर कपाटात ठेवते आणि नंतर संवाद मोठ्याने वाचून पुन्हा लिहिते. जो संवाद वाचताना जीभ अडखळते, तो त्या पात्राचा नसतो.

आता तीनशे पानांचे. दोघे एकत्र येणार हे ठरलेलेच असते, म्हणून सगळे काम त्यांच्यामधल्या अडथळ्याचे असते, आणि तो अडथळा आपल्या मातीत खराच असावा लागतो. एका फोनने मिटेल अशा गैरसमजावर वाचकाला दोनशे पाने थांबवणे मला अप्रामाणिक वाटते. तिसऱ्या कादंबरीत मी श्रावणात लग्न लावून मोकळी झाले होते. औशाहून एका आजींचे पोस्टकार्ड आले: ‘बाई, श्रावणात कोणाच्या दारी मांडव पडतो?’ ते कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे मुहूर्त धरत नाहीत. मी चूक केली होती खरी, पण त्या चार महिन्यांत किती कथा दडली आहे हे मला त्या कार्डामुळे कळले. होकार झाला आहे, मुहूर्त नाही, आणि मधल्या काळात पाऊस पडत नाही, सोयाबीन करपते, मुलीचे वडील हुंड्याच्या नव्हे तर बियाण्याच्या कर्जाच्या चिंतेत बोलणी पुढे ढकलतात. यात कोणी खलनायक नाही, तरी दोघे दुरावतात.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांवर लिहिण्यासाठी मी दोन हंगाम गावोगाव फिरले. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ धरतात आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला; एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. उचल पुरी मिळावी म्हणून लहान वयात लग्ने लावली जातात. शिकायचे म्हणून लग्न लांबवू पाहणारी मुलगी आणि तिच्यासाठी एक हंगाम अर्ध्या कोयत्यावर जाणारा मुलगा, ही माझी सातवी कादंबरी. दिवाळीच्या सुमारास तो गाव सोडतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. मधले सगळे महिने ते दोघे एकाही पानावर समोरासमोर येत नाहीत. सर्वांत जास्त पत्रे मला याच कादंबरीबद्दल आली.

बोलीसाठी मात्र मला भांडावे लागले. माझी नायिका ‘काय करूलालास?’ असे विचारते. मुद्रित प्रतीत ते ‘काय करतो आहेस?’ असे होऊन आले, आणि रुसलेली मुलगी एकदम बातम्या देणारी वाटू लागली. तेव्हापासून हस्तलिखिताबरोबर बोलीतल्या रूपांची यादी जोडते आणि ती बदलू नयेत असे लिहून देते.

स्वतःचे अनुभव असतात का, हे मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारतात. घटना माझ्या नसतात. वाट पाहताना हाताला घाम कसा येतो, एसटी वळणावर दिसेनाशी झाल्यावर स्थानक किती मोठे वाटू लागते, एवढे माझे असते. घरी सुरुवातीला सासूबाई नाराज होत्या. पुढे दृष्टी अधू झाल्यावर त्या मला रोजचे पान वाचून दाखवायला सांगत, आणि जवळिकीचा प्रसंग आला की ‘थोडं कमी सांग, जास्त कळतं’ म्हणत. ती सूचना मी आजही पाळते.

घर या लेखनावर चालत नाही. ते पगारावर चालते. माझ्या करारात छापील किमतीच्या दहा टक्के मानधन आहे. अडीचशे रुपयांच्या पुस्तकावर पंचवीस रुपये होतात, म्हणजे हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर पंचवीस हजार, आणि तिला दोन-तीन वर्षे लागतात. दिवाळी अंकांचे मानधन वेगळे, पण त्यांचे लेखन पावसाळ्यातच द्यावे लागते. भाचीने लिहावे असे मला मनापासून वाटते. शिक्षण मात्र सोडू नये.

अंबाजोगाईचे ग्रंथपाल

ताईंनी सविस्तर लिहिले आहे, त्यात वाचनालयाच्या बाजूने थोडी भर घालतो. आमच्याकडे प्रेमकादंबऱ्यांचे पुठ्ठे सर्वांत आधी झिजतात. नेहमीच्या वाचकांच्या खुणा ठरलेल्या आहेत: एक आजी सतराव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लहान फूल काढतात, म्हणजे वाचलेले पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये. काही पुस्तकांत त्यांची तीन-तीन फुले आहेत. ती चुकून काढलेली नाहीत, हे त्यांनी मला स्वतः सांगितले.

या वाङ्मयाला दुय्यम मानणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो. बाणभट्टाने सातव्या शतकात रचलेल्या संस्कृत प्रेमकथेच्या नायिकेचे नाव कादंबरी होते, आणि मराठीने सबंध वाङ्मयप्रकारालाच त्या प्रेमात पडलेल्या मुलीचे नाव दिले. दुसरे म्हणजे आपले पैठण. सातवाहनांच्या या राजधानीशी जोडलेल्या हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांची रचना आहे. तिच्यात बहुतांशी प्रेम आहे आणि अनेक गाथा स्त्रियांच्या तोंडी आहेत. शेत, नदी, प्रवासाला गेलेला नवरा, वाट पाहणारी बायको हे सगळे तिथे आहे. ताईंचा अर्ध्या कोयत्यावर गेलेला मुलगा मला त्याच घराण्यातला वाटतो.

नांदेडचे वकील

टोपणनाव आणि करार यांविषयी थोडक्यात लिहितो. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात. टोपणनावाने लिहिता येते, पण लेखकाची ओळख कधीच उघड झाली नाही तर ही साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. हक्क दुसऱ्याला देणे लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते; करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. छापील पुस्तक, श्राव्य पुस्तक आणि मालिका किंवा चित्रपट यांचे हक्क करारात वेगवेगळे लिहून घ्यावेत. भाची अठरा वर्षांची नसेल तर करार पालकांशिवाय करू नये.

परभणीची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. भाचीला हे सगळे वाचून दाखवले. ताई, तिचा एकच प्रश्न आहे: तिच्या कथेतले दोघे शेवटी एकत्र येतच नाहीत असे तिला लिहिता लिहिता जाणवले आहे, आणि आता तिला भीती वाटते की मग ती प्रेमकादंबरी राहणार नाही.

लातूरची लेखिका

वाचक प्रेमकादंबरी घेतो तेव्हा त्याला सुखाचा शेवट अपेक्षित असतो, आणि ती अपेक्षा मी गांभीर्याने घेते. पण सातव्या कादंबरीचा शेवट मी दोन वेळा लिहिला होता. पहिल्यात तो परततो तेव्हा तिचे लग्न झालेले असते. तो खर्डा वाईट नव्हता. ती मुलगी शिकण्यासाठी इतकी झगडली असताना तिला शेवटच्या दहा पानांत हरवणे मला पटले नाही, एवढेच कारण होते. भाचीच्या नायिकेचे मन काय सांगते ते तिलाच ठाऊक असणार. तिला दोन्ही शेवट लिहू द्या. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन लातूरला या. माझ्या त्या वहीत दोन्ही शेवट तसेच आहेत, ते मी तिच्या हातात देईन.