शहर बघायचं की पबात बसायचं? मित्रांसोबतचा परदेशातला एक दिवस

परदेशात जुने मित्र भेटले की नाश्त्यालाच दोन तट पडतात. एकाला चर्च, किल्ला, संग्रहालय सगळं उरकायचं असतं, तर दुसरा बारा वाजायच्या आतच 'कुठेतरी टेकू या' सुरू करतो. माझ्या मते जुन्या शहरांत हे भांडणच फुकटचं आहे. तिथला जुना पब हासुद्धा बघण्याच्याच यादीतला. असा दिवस तुम्ही घालवला असेल तर लिहा. कुठे फिरलात, कुठे बसलात, काय मागवलंत, बिल कुणी भरलं. न पिणाऱ्यांनी तर जरूर लिहा. नुसतं 'फुल्ल धमाल' नको, तपशील येऊ द्या. सुरुवात मी करतो.

कॉलेजचे आम्ही चौघे लंडनमध्ये जमलो होतो. त्यातला एक तिथे बरीच वर्षं राहतो आणि त्याला इतिहासाचा किडा आहे. त्याने अख्खा दिवस आखला तो १६६६ च्या आगीभोवती. सकाळी 'मॉन्युमेंट', म्हणजे त्या आगीचा स्मृतिस्तंभ. आग जिथून पेटली ती पुडिंग लेनमधली बेकरी या खांबापासून २०२ फुटांवर होती, म्हणून खांबाची उंचीही २०२ फूट. आत ३११ पायऱ्यांचा गोल जिना. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यात, त्यामुळे अर्धा वेळ भिंतीला चिकटून 'सॉरी, सॉरी' म्हणण्यात जातो. तिथून सेंट पॉल्स. जुनं कॅथीड्रल त्याच आगीत गेलं, आत्ताचं क्रिस्टोफर रेनने बांधलं. आणि मग फ्लीट स्ट्रीटवरून एका बोळात शिरून 'ये ओल्ड चेशायर चीज'. आगीनंतर १६६७ मध्ये पुन्हा बांधलेला पब. दाराशी एक पाटी आहे, तिच्यावर तेव्हापासून गादीवर आलेल्या राजा-राण्यांची नावं. आत इतका अंधार की मिनिटभर काही दिसत नाही. छत ठेंगणं, एका खोलीतून दुसरी खोली, आणि खाली तळघरं. गाणी नाहीत, टीव्ही नाही, म्हणजे एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी सोय.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: इंग्लंडातल्या पबात बसून वेटरची वाट बघू नका. बारपाशी जायचं, मागवायचं, तिथेच पैसे द्यायचे, ग्लास आपणच टेबलावर आणायचे. रांग दिसत नाही, पण असते. तुमच्या आधी कोण आलंय हे बारमागच्या माणसाला बरोबर ठाऊक असतं. हाका मारणं, नोट नाचवणं फार वाईट दिसतं. हिशोब 'राउंड'चा: या वेळी एकाने सगळ्यांसाठी आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने. आता चौघे म्हणजे चार राउंड, एक पाइंट ५६८ मिलीचा, करा गुणाकार. मी दुसऱ्या राउंडनंतर हाफवर आलो, कुणी भुवईसुद्धा उचलली नाही. राउंड चुकवणारा मात्र वर्षानुवर्षं लक्षात राहतो. आमच्यातही एक आहे, नाव घेत नाही.

आणखी एक गंमत बघितली. वेफर्सचं पाकीट तोंडाशी फोडत नाहीत. पाठीवरच्या जोडावरून उभं उलगडतात आणि चंदेरी बाजू वर करून टेबलाच्या मधोमध पसरतात. सगळ्यांचे हात पोचतात, 'जरा इकडे दे' करावं लागत नाही.

पुढे 'ब्लॅकफ्रायर' हा पब. पाचरीच्या आकाराची इमारत, आत संगमरवर आणि भिंतीभर धातूत घडवलेले जाडजूड, हसरे मठवासी. जागा मुळात डॉमिनिकन मठाची. १९६० च्या दशकात ही इमारत पाडायला निघाले होते, कवी जॉन बेट्जमन वगैरे मंडळींनी वाचवली. मिलेनियम ब्रिजवरून नदी ओलांडून शेवट 'जॉर्ज इन'ला. घोडागाड्यांच्या काळातली, सज्जे असलेली लंडनमधली ही शेवटची सराई. नदीपलीकडच्या या साउथवार्क भागाची आग वेगळी, १६७६ ची, आणि इमारत १६७७ ची. पूर्वी अंगणाच्या तीन बाजूंना सज्जे होते, त्यातल्या दोन रेल्वेने १८८९ मध्ये पाडल्या. आता मालकी नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची. अंगणातल्या बाकांवर आम्ही थंडी वाजेपर्यंत बसलो आणि संग्रहालयवाल्या मित्रानेच 'अजून एक' म्हटलं.

*

लंडन वाचून डब्लिन लिहावंसं वाटलं. आम्ही तिघी मैत्रिणी, सकाळी किल्मेनहॅम तुरुंग. तिकिटं आधी काढा, ऐन वेळी मिळत नाहीत. ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाच्या चौदा नेत्यांना इथल्या अंगणात गोळ्या घातल्या. जेम्स कॉनली जखमी होता, उभंही राहवत नव्हतं, तर त्याला खुर्चीला बांधून. जोसेफ प्लंकेटचं ग्रेस गिफर्डशी लग्न तुरुंगाच्या चॅपलमध्ये लागलं आणि काही तासांत त्याला मारलं. गाइड हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगते, त्यामुळे जास्तच लागतं. बाहेर आल्यावर आम्ही बराच वेळ बोललो नाही.

त्यानंतर गिनेस स्टोअरहाउसचा, म्हणजे गिनेस या काळ्या बिअरच्या संग्रहालयाचा झगमगाट जरा विचित्रच वाटला, खोटं कशाला सांगू. तरी आर्थर गिनेसने १७५९ मध्ये ही जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने तब्बल ९,००० वर्षांसाठी घेतली, यावर खूप हसलो. खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ग्लास भरणं. तिरपा धरून पाऊण भरतात आणि ठेवून देतात. नायट्रोजनचे बारीक बुडबुडे काचेलगत चक्क खाली जाताना दिसतात, हळूहळू तपकिरी रंग काळा होतो, वर साय धरते, मग उरलेला भरतात. मध्येच ग्लास उचलायला हात पुढे केलात तर बारमन डोळे वटारतो.

संध्याकाळी टेंपल बार हा पबांनी भरलेला भाग टाळला. तोच पाइंट तिथे महाग पडतो आणि गर्दी आपल्यासारख्या पर्यटकांचीच. स्मिथफील्डच्या 'कॉबलस्टोन' पबात गेलो. वादक स्टेजवर नाहीत, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसलेले, फिडल, बासरी, बँजो. मध्येच कुणी नवा येतो, वाद्याची पेटी उघडतो, सामील होतो. वाजवणं चालू असताना मोठ्याने गप्पा मारायच्या नाहीत आणि त्यांच्या खुर्चीवर तर अजिबात बसायचं नाही.

*

शाकाहारींसाठी एक भर. बिअर निवळायला माशांच्या अंगातल्या पिशवीपासून केलेला 'इझिंग्लास' वापरायची जुनी पद्धत आहे. गिनेसने तो सोडला, पण ब्रिटनमध्ये पिंपातून हातपंपाने काढतात त्या 'एल' नावाच्या बिअरमध्ये अजूनही बरेचदा असतो. बारवर विचारलं तर सांगतात. आणि ती एल 'गरम' लागते अशी तक्रार करू नका, तळघराच्या १२ अंशांच्या आसपासच ती प्यायची असते.

*

मी पीत नाही, तरी आमच्या एडिनबरोच्या दिवसाबद्दल लिहिणार. पाच जण होतो, गाडी मीच चालवत होते. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून गाडी चालवणाऱ्याला मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिग्रॅ अल्कोहोलची आहे, इंग्लंडात ८०. त्यामुळे 'एक घेतली तर काय होतं' हा प्रश्न तिथे विचारूच नये.

सकाळी आर्थर्स सीट चढलो. २५१ मीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण हा विझलेला ज्वालामुखी आहे, आणि वरच्या खडकांवर वारा असा की टोपी हातात धरून चढावं लागतं. वरून एकीकडे किल्ला, दुसरीकडे समुद्राची खाडी. बहुतेक लोक आले त्याच वाटेने परत जातात. आम्ही मागच्या बाजूने डडिंगस्टनच्या तळ्याकडे उतरलो. खाली गाव, आणि गावात 'शीप हीड इन'. १३६० पासूनचा असल्याचं ते सांगतात. मागे जुनी स्किटल्सची गल्ली आहे, लाकडी चेंडूने लाकडी खुंट्या पाडायच्या. खुंट्या पुन्हा उभ्या करायला यंत्र नाही, आपल्यातल्याच कुणीतरी पलीकडे जाऊन थांबायचं. ते काम साहजिकच शुद्धीत असलेल्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. लाइम-सोडा, शाकाहारी हॅगिस आणि चिखलाने भरलेले बूट. मित्रांच्या त्याच त्याच जोकवर तिसऱ्यांदा हसावं लागतं, एवढीच न पिणाऱ्याची शिक्षा.

राउंडचं काय, असं कुणी विचारेल. मी माझा राउंड घेतला, माझ्या वाट्याचं पेय स्वस्त असलं तरी. हिशोब काढत बसलं की मजा जाते.

*

प्राग, थोडक्यात. जुन्या टाउन हॉलच्या घड्याळातले प्रेषितांचे पुतळे दर तासाला बाहेर येतात, ते बघून चार्ल्स ब्रिज आणि मग 'उ झ्लातेहो तिग्रा' हा पब. १९९४ मध्ये चेक राष्ट्राध्यक्ष हावेल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष क्लिंटनना इथे घेऊन आले होते. दुपारी तीनला उघडतो, रांग आधीच लागते. नेहमीच्या गिऱ्हाइकांची टेबलं ठरलेली, त्यामुळे मिळेल तिथे अनोळखी लोकांत दाटीवाटीने बसलो. ग्लास संपत आला की न विचारता दुसरा येतो आणि टेबलावरच्या चिठ्ठीवर एक रेघ ओढली जाते. नको असेल तर वेळेत सांगा.

*

म्युनिकला जाणार असाल तर मोठ्या हॉलपेक्षा बिअर गार्डन गाठा. मारिएनप्लाट्झच्या मनोऱ्यावरचं नाचणाऱ्या बाहुल्यांचं घड्याळ अकरा वाजता बघून आम्ही इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्यापाशी गेलो. बिअर गार्डनांत चेस्टनटची झाडं उगाच नसतात. पूर्वी बिअरची तळघरं थंड राहावीत म्हणून अशी झाडं लावत. १८१२ च्या राजाज्ञेने बिअरवाल्यांना त्या तळघरांपाशी बिअर विकायची मुभा दिली, जेवण विकायची नाही. म्हणून लोक खाणं घरून आणू लागले, आणि ते आजही चालतं. टेबलावर कापड नसेल तिथे डबा उघडा. आमच्या म्युनिककर मैत्रिणीने बटाट्याचं सॅलड, मुळा आणि ब्रेझेल आणले होते. बिअरचा 'मास' म्हणजे एक लिटर, ग्लासासाठी अनामत रक्कम भरावी लागते. चिअर्स करताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासाकडे नाही.

*

प्रश्न: मैत्रिणींसोबत लंडनला जाणार आहोत, सगळ्याजणी दिसायला लहान. पबात अडवतात का? आणि रात्री परतायचं कसं?

*

धागा काढणारा: अठराच्या वर असलात तरी पंचविशीच्या आतल्या दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. पासपोर्ट जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो बरेचदा चालत नाही. बऱ्याच पबांत अकराच्या सुमाराला शेवटच्या ऑर्डरची घंटा होते, त्यानंतर ग्लास संपवायला थोडा वेळ मिळतो. शुक्रवार-शनिवारी काही मार्गांवर ट्यूब, म्हणजे मेट्रो, रात्रभर चालते, बाकी रात्री 'एन'ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या बस. आणि चौघीजणी असाल तर पहिला राउंड तुम्हीच घ्या, तेव्हा सगळ्यांना तहान असते पण भूक लागलेली नसते, स्वस्तात सुटाल.