विषय: आई-बाबांचा पहिला परदेशप्रवास – १३ रात्रींत किती शहरे?

प्रेषक: क्रॉयडनमधील एक सभासद

मंडळातील सर्व ज्येष्ठांना आणि मित्रमैत्रिणींना सप्रेम नमस्कार,

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझे आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे लंडनला येत आहेत. दोघांचाही हा पहिलाच परदेशप्रवास आहे. बाबा ७१ वर्षांचे आहेत आणि त्यांनी ३४ वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे. आई ६६ वर्षांची असून ती सपाटीवर व्यवस्थित चालते, पण जिने चढताना तिचे गुडघे दुखतात. जुलैच्या अखेरीस मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की आम्ही सहा जणांनी मिळून १३ रात्रींसाठी युरोपला जावे, असे ठरत आहे.

यजमानांनी आणि मी मिळून पुढील आराखडा केला आहे: पॅरिस २ रात्री, ब्रसेल्स १, ॲम्स्टरडॅम २, ल्युसर्न २, इंटरलाकेन १, व्हेनिस १, फ्लॉरेन्स २ आणि शेवटी रोम २. कागदावर सारे नीट बसते. मात्र काल फोनवर हे वाचून दाखवले तेव्हा बाबा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते चालेल, फक्त रोम घाईत नको." तेव्हापासून मन साशंक झाले आहे. आई-बाबा पुन्हा इतक्या लांब येतील की नाही हे सांगता येत नाही, म्हणून काहीही वगळावेसे वाटत नाही. ज्यांनी आपल्या आई-वडिलांना असे फिरवून आणले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आपली नम्र.

—

प्रेषक: हॅरोमधील एक जुना सभासद

नमस्कार ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले, कारण असाच आराखडा बारा वर्षांपूर्वी मीही केला होता. आई-वडिलांना ११ दिवसांत ७ शहरे दाखवली. आठव्या दिवशी फ्लॉरेन्सला वडील म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी खोलीतच पडतो." दुसऱ्या दिवशी मिलानच्या मुख्य स्थानकावर गाडी बदलताना आई सुटकेसवरच बसली आणि गाडी लागल्यावरही तिला लवकर उठवेना. कोल्हापूरला परतल्यावर शेजारच्या काकूंनी काय काय पाहिले असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बॅगा भरल्या आणि बॅगा उघडल्या, तेवढे लक्षात आहे." तिने ते तक्रार म्हणून सांगितले नव्हते, म्हणूनच ते मला अधिक लागले.

तुमच्या आराखड्यात आठ मुक्काम आहेत, म्हणजे बिऱ्हाड सात वेळा हलणार. सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी तीनच्या आधी सहसा मिळत नाही. मधला वेळ स्थानक, सामान, जेवणाची शोधाशोध आणि नव्या गावातली वाट विचारणे यांत जातो. एका बदलाला अर्धा दिवस धरला तरी साडेतीन दिवस त्यातच संपतात. एका रात्रीच्या मुक्कामात तर गावाशी ओळखच होत नाही. म्हणून शहरे मोजण्याऐवजी सलग रात्री मोजाव्यात, आणि कोणताही मुक्काम दोन रात्रींहून कमी ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

बाबांनी रोमचे नाव घेतले आहे, तेव्हा सहल रोमभोवती उभी करा. ब्रसेल्स, ॲम्स्टरडॅम, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स या वेळी सोडून द्या. लंडनहून ब्रसेल्स आणि ॲम्स्टरडॅमला थेट गाडी असल्यामुळे तुम्ही एखाद्या शनिवार-रविवारीही तिकडे जाऊ शकाल.

दुसरी गोष्ट क्रमाची. तुम्ही रोम शेवटी ठेवले आहे. जुलैच्या अखेरीस तिथे दुपारी पारा बऱ्याचदा ३५ अंशांच्या आसपास जातो आणि बारा दिवसांच्या थकव्यानंतर तो उन्हाळा म्हाताऱ्या माणसांना सोसवत नाही. त्यापेक्षा लंडनहून विमानाने आधी रोमला जा. अडीच तासांचा प्रवास आहे आणि सर्वांच्या अंगात ताकद असेल. तिथे चार रात्री राहा. मग उत्तरेकडे सरकत डोंगरात शिरा, तिथल्या थंडाव्यात विसावा घ्या, आणि शेवटी पॅरिस करा. पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकातून युरोस्टार ही वेगवान गाडी सव्वादोन तासांत लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावर पोहोचवते, त्यामुळे शेवटच्या दिवशी विमानतळाची दगदग राहत नाही.

रोमचा दिवस दोन भागांत तोडा. सकाळी आठला बाहेर पडावे, साडेबाराला खोलीवर परतावे, जेवून झोपावे आणि पाचनंतर पुन्हा निघावे. तिथल्या जुन्या गल्ल्यांत काळ्या दगडांची ओबडधोबड फरसबंदी असते. तीवर बॅगेची चाके अडतात आणि गुडघ्यांनाही त्रास होतो, म्हणून आईंसाठी जाड तळव्याचे बूट लंडनमध्येच घेऊन महिनाभर वापरायला द्या. रस्तोरस्ती लोखंडी नळकोंडाळी आहेत. त्यांतून पिण्याचे थंड पाणी अखंड वाहत असते, तेव्हा प्रत्येकाच्या हाती एक बाटली पुरेशी आहे. कलोसियमची तिकिटे वेळेनुसार आणि नावानिशी मिळतात. पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव जसे लिहिले असेल, तसेच्या तसे तिकिटावर यायला हवे. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार वगळता इतर रविवारी बंद असतात.

रोमहून थेट स्वित्झर्लंडच्या डोंगरात जायचे म्हटले तर पूर्ण दिवस गाडीत जातो. म्हणून मध्ये उत्तर इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी स्ट्रेसा येथे दोन रात्री थांबा. रोम ते मिलान वेगवान गाडीने तीन तासांच्या थोडे वर आणि पुढे स्ट्रेसा तासाभरावर. समोर बोरोमेओ बेटे आहेत, बोटीने जाता येते, आणि आईंना चालावे लागणार नाही. हाच लोहमार्ग पुढे सिम्प्लॉनच्या बोगद्यातून स्वित्झर्लंडमध्ये उतरतो. हा बोगदा १९०६ सालचा आणि जवळपास २० किलोमीटर लांबीचा आहे, हे बाबांना आधी सांगून ठेवा.

डोंगरात मुक्कामासाठी लाउटरब्रुनेन निवडा आणि हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर घ्या. वडील गेल्यानंतर मी आईला एकटीला तिथे पाच रात्री नेले होते. गावाच्या डोक्यावर जवळपास ३०० मीटर उंचीचा श्टाउबबाख धबधबा आहे आणि आमच्या खिडकीतून तो पूर्ण दिसत असे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर आई खिडकीशी मेतकूट-भाताची वाटी घेऊन बसली होती. मला म्हणाली, "जरा थांब, आता वरच्या टोकाला ऊन येईल." धबधब्यावर ऊन किती वाजता येते, ते तिला पाठ झाले होते. पहिल्या सहलीत कोणत्याही गावाने तिला तेवढा वेळ दिला नव्हता, किंवा खरे सांगायचे तर मी दिला नव्हता.

जवळच्या युंगफ्राउयोख या बर्फाच्या खिंडीतल्या रेल्वेस्थानकाबद्दल सांभाळून निर्णय घ्या. ते स्थानक ३४५४ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंच. बाबांना रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका. २०६१ मीटरवरच्या क्लाइने शाइडेगपर्यंत गाडी जाते आणि तिथून आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तिन्ही शिखरे समोर दिसतात. वर ढग आहेत की नाहीत हे सकाळी थेट कॅमेऱ्यावर पाहून मगच तिकीट काढा.

आपला.

—

प्रेषक: रेडिंगमधील एक सभासद

सर्वांना नमस्कार,

हॅरोच्या काकांनी मार्ग फार चांगला सांगितला आहे. त्यात फक्त व्हिसाची बाजू जोडते, कारण मार्ग बदलला की व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा तेही बदलू शकते. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो आणि रात्री समसमान असतील तर जिथे प्रथम प्रवेश होणार तिथे. इथे शहराच्या नव्हे, देशाच्या रात्री मोजतात. रोमच्या चार आणि स्ट्रेसाच्या दोन मिळून इटलीच्या सहा होतात, तेव्हा अर्ज इटलीकडेच जाईल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आई-बाबांनी हा अर्ज भारतातूनच करायला हवा. ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून आलेल्यांचे शेंगेनचे अर्ज येथील वकिलाती सहसा स्वीकारत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे जून महिन्यात कळले आणि आजी-आजोबांना लंडनलाच ठेवून बाकीच्यांना जावे लागले. आधी ब्रिटनचा व्हिसा हाती येऊ द्या, मग लगेच शेंगेनचा अर्ज करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो, म्हणजे तुमच्यासाठी मुदत आताच सुरू झाली आहे. नियमाप्रमाणे निर्णयाला १५ दिवस लागतात, पण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

आणखी एक बारीक गोष्ट. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मेतकूट, कोरडी चटणी, भाजणी, पोहे खुशाल न्या, पण तूप, पेढे आणि श्रीखंडवडी घरीच ठेवा.

आपली.

—

प्रेषक: क्रॉयडनमधील एक सभासद

काका आणि ताई, मनापासून आभार.

काल रात्री आम्ही जुना कागद बाजूला ठेवला. नवा आराखडा असा: रोम ४, स्ट्रेसा २, लाउटरब्रुनेन ४, पॅरिस ३. आठांचे चार मुक्काम झाले. भावाला साताऱ्याहून कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू करायला सांगितले आहे. व्हेनिस वगळताना मला फार वाईट वाटले हे प्रामाणिकपणे सांगते, कारण तिथल्या होड्यांचे चित्र आईच्या माहेरी भिंतीवर होते. स्ट्रेसाच्या दोन रात्री काढून व्हेनिसला द्याव्यात का? आणि पॅरिसला तीन रात्री पुरतील का?

—

प्रेषक: हॅरोमधील एक जुना सभासद

ताई,

ते चित्र आईंच्या मनात असेल, तर व्हेनिसचा विचार जरूर करा. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचे वजन अधिक आहे. मात्र आधी आईंना विचारा. व्हेनिसमध्ये जवळजवळ प्रत्येक कालव्यावर पायऱ्यांचा पूल आहे आणि त्यांच्या गुडघ्यांना तोच त्रास आहे. निवडलेच, तर राहायची जागा पाण्यावरच्या बसच्या थांब्याला अगदी लागून घ्या, आणि तिथून डोंगराकडे जाण्याचा दिवस लांबेल हे धरून त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नका. रात्री तेवढ्याच राहतील, त्यामुळे व्हिसाच्या अर्जावर परिणाम होणार नाही.

पॅरिसला तीन रात्री पुरतात. लाउटरब्रुनेनहून बाझेलमार्गे सुमारे सहा तास लागतात, तेव्हा पहिल्या संध्याकाळी फक्त सेन नदीकाठी बसा; त्या दिवसांत साडेनऊपर्यंत उजेड असतो. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, म्हणून गाड्यांची तिकिटे काढण्यापूर्वी वार तपासा. तारखा ठरल्या की मला कळवा. लाउटरब्रुनेनला आम्ही राहिलो होतो ते घर तळमजल्यावर आहे आणि धबधबा त्याच्या स्वयंपाकघरातूनही दिसतो. ऑगस्टसाठी ते मार्चमध्येच भरते, त्यामुळे घरमालकीणबाईंना मी आजच लिहून ठेवतो.