एक्सेलमध्ये नेमकं कुठे अडतंय ते कळलंय, शिकायचा क्रम सुचवा

नमस्कार मंडळी,

मी एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. लग्नाआधी एमएस-सीआयटी केलं, तेव्हापासून कॉम्प्युटरवर रोजचाच हात आहे. पण शाखेचं सॉफ्टवेअर बदललं आणि आता सगळे रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवून घ्यावे लागतात. तेव्हापासून मी एक वही ठेवलीय. जिथे अडतं, किंवा शेजारच्या टेबलावर विचारावं लागतं, ते लगेच त्यात लिहिते. वही चाळली की दिसतं, टायपिंग, प्रिंट, तक्ता नीट मांडणं हे सगळं जमतं. आकड्यांवर काम करायची वेळ आली की गाडी थांबते.

उदाहरण देते. कर्जखात्यांच्या यादीची बेरीज शून्य येत होती. आकडे रकान्यात डावीकडे चिकटलेले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण. एक्सेल त्यांना मजकूर समजत होतं. 'कन्व्हर्ट टू नंबर' केल्यावर बेरीज आली. पण व्हीलुकअपचं (एका यादीतला क्रमांक दुसऱ्या यादीत शोधून त्यापुढची माहिती आणणारं सूत्र) कोडं सुटत नाहीये. दोन्ही याद्यांत खाते क्रमांक दिसायला अगदी सारखा, सूत्राच्या शेवटी फॉल्सही (म्हणजे तंतोतंत जुळेल तेच घे) लिहिलंय, तरी काही खात्यांपुढे एन/ए (म्हणजे सापडलं नाही) येतं. जास्तीच्या मोकळ्या जागा काढणारं ट्रिम लावून थोडी खाती जुळली, बाकीची तशीच. हे कसं शोधायचं?

दुसरा प्रश्न वेळेचा. दिवसभर काउंटर, मुलगी दहावीला, मार्चअखेर तर विचारूच नका. सकाळी सगळे उठायच्या आधीचा अर्धा तास मात्र हक्काचा आहे. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस टाकून घेतलंय, ते फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रेऑफिसच्या कॅल्कचे, म्हणजे त्यातल्या एक्सेलसारख्या प्रोग्रामचे, मराठी धडे आहेत. छोटे आहेत, बघत बघत सोबत करता येतात, मला फार आवडले. कॅल्कवर हात बसला तर ऑफिसात एक्सेलवर तेच चालेल ना, की मेन्यू शोधण्यातच वेळ जाईल?

आणि क्रम काय ठेवू? माझ्या मनात आधी तारखा आणि मजकुराची सफाई, मग व्हीलुकअप, मग पिव्हट टेबल (मोठ्या यादीचा गटवार बेरजांचा गोषवारा) असं आहे. एक मैत्रीण म्हणते थेट पिव्हटलाच हात घाल. पण कच्च्या आकड्यांवर पिव्हट लावून मिळणाऱ्या बेरजेवर भरवसा कसा ठेवायचा? लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे हा.

ऑफिसात एक्सेल २०१३ आहे, त्यात एक्सलुकअप (व्हीलुकअपचं नवं रूप) नाही. उत्तर देताना तेवढं लक्षात घ्या.