'मिस्ट्री गेस्ट'ला मराठीत काय म्हणाल?

जुनीवही
दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या जुन्या टीव्ही कार्यक्रमांवर लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी अडले आहे.
'व्हॉट्स माय लाइन?' हा कार्यक्रम सीबीएस या वाहिनीवर १९५० ते १९६७ चालला. रविवारी रात्री साडेदहाची वेळ. चौघांचं पॅनेल, समोर एक माणूस, आणि फक्त हो-नाहीच्या प्रश्नांवरून त्याचा व्यवसाय ओळखायचा. दर 'नाही'ला समोरच्याला पाच डॉलर. सूत्रसंचालक जॉन डेली एकेक कार्ड उलटत जायचे, दहा 'नाही' झाले की पॅनेल हरलं. मग एखादी प्रसिद्ध व्यक्ती यायची. तेव्हा पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या. ती व्यक्ती फळ्यावर खडूने सही करायची, प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट व्हायचा, आणि ती आवाज बदलून उत्तरं द्यायची. हा 'मिस्ट्री गेस्ट'.
मी शब्द तसाच ठेवला होता. संपादकांनी 'गूढ पाहुणा' केला. आता तो परिच्छेद वाचताना माजघरात दिवा गेल्यासारखं वाटतं. काय करू?

शुद्धलेखणी
'अज्ञात अतिथी'. अर्थ नेमका, अनुप्रासही साधतो. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही असा. आपल्याकडे इतका सुंदर शब्द असताना 'गेस्ट' का जपायचा?

बेलापूरची आजी
अहो, पण इथे तिथी, वार, वेळ सगळं ठरलेलं आहे की. दर रविवारी, साडेदहा! आणि 'अज्ञात' कुणाला? घरबसल्या पाहणाऱ्या सगळ्यांना नाव कळलेलं असायचं.

पंचगंगाकाठी
'पाहुणा' शब्दालाच माझी हरकत आहे. आमच्या कोल्हापूरकडं पाहुणा म्हणजे नातेवाईक. "ते आमचे पाहुणे लागतात" म्हटलं की सोयरीक आली. पै-पाहुणे म्हणजे गणगोत. माझं लग्न ठरलं तेव्हा पुण्याच्या सासूबाई वडिलांना म्हणाल्या, "लग्नाला पाहुणे फार बोलावू नका." वडील दोन दिवस जेवले नाहीत नीट. त्यांना वाटलं, सख्ख्या चुलत्यांना वगळायला सांगतायत. त्या बिचाऱ्या बाहेरच्या लोकांबद्दल बोलत होत्या. तेव्हा 'गूढ पाहुणा' आमच्याकडं वाचला तर लोक विचारतील, कुठल्या बाजूचा?

मांडवीतीर
आमच्याकडे गोव्यात कोकणीत तर पाहुण्यालाच 'सोयरो' म्हणतात. म्हणजे तुमच्याकडे पाहुणा नातेवाईक झाला आणि आमच्याकडे सोयरा पाहुणा झाला. दोन्हीकडून तेच.

अक्षरवेल
'पाहुणा' हा 'पाहणे'वरून आला असं मला शाळेत बाईंनी सांगितलं होतं. ज्याची वाट पाहायची तो पाहुणा. मला अजून ते खरं वाटतं.

शुद्धलेखणी
अक्षरवेल, गोड आहे पण बरोबर नाही. संस्कृत 'प्राघुण', प्राकृत 'पाहुण', त्यावरून पाहुणा. पाहण्याशी संबंध नाही.

हडसनकाठ
मी न्यू जर्सीत राहतो. हे जुने भाग यूट्यूबवर रोज रात्री एक बघतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
जानेवारी १९५७च्या भागात चित्रकार साल्वादोर दाली आला होता. फळ्यावर सही केली, खुर्चीत बसला, आणि जवळपास प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत सुटला. तुम्ही रंगमंचावर, पडद्यावर दिसता का? हो. खेळांशी संबंध आहे का? हो. लेखक आहात का? हो, आणि ते खोटंही नव्हतं, त्याची पुस्तकं होतीच. डेली मध्ये पडून खुलासे करून थकले. पॅनेलवरचे बेनेट सर्फ रँडम हाउसचे प्रकाशक, आर्लीन फ्रान्सिस नटी, डोरोथी किलगॅलन वार्ताहर. सगळी मुरलेली माणसं, पण ज्याला काहीच 'नाही' नाही त्याला कशात धरणार? शेवटी मिशांचा प्रश्न आला तेव्हा गाडी रुळावर आली.
आता मुद्दा. त्या सात-आठ मिनिटांत दालीत काहीही गूढ नव्हतं. तो दिव्यांच्या झोतात, मिशांना पीळ देऊन, सगळ्यांसमोर बसला होता. झाकलेले होते ते चौघांचे डोळे. 'मिस्ट्री' पाहुण्यात नाही, पट्टीत आहे. गूढ, गुप्त, अज्ञात, रहस्यमय हे सगळे शब्द पाहुण्याला चिकटतात, म्हणून खोटे वाटतात.

बेलापूरची आजी
मग ही आपली आंधळी कोशिंबीरच झाली! डोळे बांधून दुसऱ्याला ओळखायचं. आम्ही वाड्यात खेळायचो तेव्हा हाती लागलेली मुलगी मुद्दाम घोगऱ्या आवाजात बोलायची, किंवा दुसरीची ओढणी गुंडाळून घ्यायची. मी एकदा वेणीवरून ओळखली होती, रिबिनीची गाठ माझ्याच आईने बांधलेली.

जुनीवही
हडसनकाठ, हे फार महत्त्वाचं सांगितलंत, लेखात घेते. पण शब्द? 'आंधळी कोशिंबीरचा पाहुणा' लिहू शकत नाही ना.

दादरची चाळ
कार्यक्रमाच्या नावाचं काय केलंत? 'माझा व्यवसाय ओळखा' वगैरे कृपया करू नका. 'लाइन' तशीच ठेवा. माझे सासरे मूळजी जेठा मार्केटमध्ये होते, ते सांगायचे, "मी चाळीस वर्षं कापड लाइनीत काढली." स्थळ बघताना विचारतात, "मुलगा कुठल्या लाइनीत आहे?" इंग्रजीतला तोच अर्थ आपण कधीच घरात आणून बसवला आहे. 'माझी लाइन कोणती?' हे चोख मराठी आहे.

शुद्धलेखणी
चोख मराठी? या न्यायाने उद्या काहीही मराठी होईल. 'महापौर' शब्द सावरकरांनी दिला तेव्हा त्यालाही लोक हसले असतील. आज 'मेयर' कोण म्हणतं? शब्द वापरायला धीर लागतो. 'माझा पेशा कोणता?' लिहा.

दादरची चाळ
'पेशा' फारसी आहे.

शुद्धलेखणी
ठाऊक आहे. तो चारशे वर्षं रुळलेला आहे.

दादरची चाळ
मग रुळण्याला किती वर्षं लागतात ते सांगा. माझ्या सासऱ्यांची चाळीस पुरत नाहीत का?

पंचगंगाकाठी
आमच्याकडं 'लायनीत' म्हणतात, 'लाइनीत' नाही. "पोरगं लायनीला लागलं" म्हणजे मार्गाला लागलं. लिहिताना शहरी रूपच का घ्यायचं?

मांडवीतीर
मूळ लेखात दुसराही घोळ असणार. 'गेस्ट अपिअरन्स'ला काय केलंत? 'हजेरी लावली'?

जुनीवही
हो! 'एड सलिव्हन शो' या व्हरायटी शोबद्दल लिहिताना "बीटल्सनी ९ फेब्रुवारी १९६४ला हजेरी लावली" असं लिहिलं आहे. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो भाग पाहिला. चुकलं का?

मांडवीतीर
माझे गुरुजी ऐकते तर रागावले असते. गाणाऱ्यासाठी हजेरी म्हणजे देवापुढे किंवा गुरूच्या पुण्यतिथीला जाऊन सेवा रुजू करणं. बिदागी मिळो न मिळो, जायचं. मी मंगेशीला जत्रेत पाच मिनिटं पेटी वाजवली ती हजेरी. पैसे घेऊन, जाहिरातींच्या मध्ये गायलं ती हजेरी नव्हे.

दादरची चाळ
पण "पावसाने हजेरी लावली" रोज छापून येतं. पाऊस कुठल्या गुरूकडे जातो?

मांडवीतीर
म्हणूनच ते मला खुपतं. आणि 'हजेरी घेणे' म्हणजे खरडपट्टी काढणे, तो तिसराच अर्थ. एका शब्दाला किती ओझं द्यायचं?

अक्षरवेल
'पाहुणे कलाकार' हा शब्द मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वर्षानुवर्षं आहे. तो का नको?

हडसनकाठ
कारण सगळे कलाकार नव्हते. १९५३मध्ये दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट आल्या होत्या, १९५६मध्ये वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट. अगदी पहिला मिस्ट्री गेस्ट फिल रिझुटो, न्यूयॉर्क यांकीजचा बेसबॉलपटू. आणि पंचगंगाकाठी, तुमच्या अर्थाचा पाहुणाही होऊन गेला. ३ सप्टेंबर १९६७च्या शेवटच्या भागात चौघांनी पट्ट्या बांधल्या आणि समोर बसले होते स्वतः जॉन डेली. सतरा वर्षांचा घरचा माणूस. प्रश्नाला बदललेल्या आवाजात उत्तर द्यायचे आणि लगेच आपल्या आवाजात सूत्रसंचालन करायचे. तो भाग मी तीनदा पाहिला आहे, तिन्ही वेळा डोळे भरून आले.

पंचगंगाकाठी
बघा. शेवटचा पाहुणा सोयराच निघाला.

अक्षरवेल
आणि 'व्हरायटी शो'? 'विविध गुणदर्शन'?

दादरची चाळ
ते शाळेच्या स्नेहसंमेलनात. मुंबई दूरदर्शनवर 'गजरा' होता, आठवतो? वेगवेगळी फुलं एका दोऱ्यात. व्हरायटीला याहून चांगला शब्द मराठीत कुणी केला नाही, आणि तो कुणी शब्द करायला बसून केलेला नव्हता.

शुद्धलेखणी
हे मात्र मान्य. पूर्ण मान्य.

जुनीवही
'गजरा' घेतला! उद्या सकाळी मजकूर द्यायचा आहे. 'मिस्ट्री गेस्ट'चं अजून कुणी सांगितलं नाही. मी 'ओळखा पाहू' पाहुणा असं लिहून बघितलं, मोठ्याने वाचल्यावर बरं वाटतंय.

बेलापूरची आजी
छान आहे. पण मला मघापासून एकच प्रश्न छळतोय. आंधळी कोशिंबीर यात कोशिंबीर कुठून आली?

मांडवीतीर
माझी आजी सांगायची, सगळी पोरं अंगणात कोशिंबिरीसारखी कालवली जातात म्हणून.

शुद्धलेखणी
मांडवीतीर, व्युत्पत्ती अशी लागत नाही. थांबा, कोश काढतो.