गंज गोलाईभोवती चारचाकींना सशुल्क पार्किंग असावे का?

चर्चाप्रस्ताव : निवृत्त शिक्षक, लातूर

गंज गोलाईभोवती आणि तिला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर चारचाकी उभी करायची असेल, तर पहिला अर्धा तास सोडून पुढच्या प्रत्येक तासाचे महापालिकेने पैसे घ्यावेत, असे माझे मत आहे. ते मी येथे सविस्तर मांडतो. ज्यांना पटणार नाही त्यांनी मोकळेपणाने खोडून काढावे.

निजामकाळात नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी ही बाजारपेठ आखली. मधोमध अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती १९४५ मध्ये उभी राहिलेली दुमजली गोल इमारत आणि तिच्यापासून चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले सोळा रस्ते. सोने, कापड, चपला, मिरची, गूळ अशा एकेका मालासाठी लोकांच्या पायाखालची वाट ठरलेली. त्या काळी मालाची बैलगाडी येई, रिकामी होई आणि निघून जाई. सकाळी येऊन रात्री दुकान वाढवेपर्यंत एकाच जागी मुक्काम करणारे वाहन त्या आखणीत कुठेच नव्हते, आणि आज गोलाईचा श्वास कोंडला आहे तो नेमका अशाच वाहनांमुळे.

गेला महिनाभर मी सकाळी साडेनऊच्या सुमारास एका रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांचे क्रमांक वहीत लिहून घेत आहे आणि दुपारी चार वाजता तेथे पुन्हा जात आहे. बहुतेक दिवशी बहुतेक क्रमांक तेच असतात. काही गाड्यांच्या काचेवर दुपारपर्यंत धुळीचा थर बसतो. एका गाडीच्या टपावर तर शेजारचा दुकानदार खोकी ठेवतो, कारण ती हलणार नाही याची त्याला खात्री असते. या गाड्या गिऱ्हाइकांच्या नाहीत. त्या दुकानांचे मालक, त्यांचे भागीदार आणि वरच्या मजल्यावरच्या कार्यालयांतील मंडळी यांच्या आहेत.

हिशेब साधा आहे. एका मोटारीला सुमारे पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तेवढ्याच जागेत सहा दुचाकी बसतात. एक गाडी बारा तास उभी राहिली तर एकाच माणसाची सोय झाली. तीच जागा अर्ध्या-अर्ध्या तासाने मोकळी होत गेली, तर दिवसात चोवीस गिऱ्हाइकांना ती वापरता येईल. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही व्यापलेल्या जमिनीच्या मोलाशी सुसंगत असे पार्किंग शुल्क असावे, असेच म्हटले आहे. या बाजारातल्या एका गाळ्याचे भाडे काय आहे ते सर्वांना माहीत आहे. मग त्याच गाळ्यासमोरची, सर्वांच्या मालकीची तितकीच जागा रोज फुकट का द्यायची?

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर खेड्यापाड्यांतून बाजाराला येणाऱ्या बायकांची संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढली आहे. त्या गांधी चौक, हनुमान चौक करत चालत येतात, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लेकरू घेऊन उभ्या गाड्यांच्या बाहेरून, वाहत्या रस्त्यातून जातात. पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर असावी, असा रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेचा निकष आहे. आपल्या बाजारात तेवढी रुंदी सलग पन्नास पावले तरी कोणी दाखवून द्यावी.

प्रतिसाद : कापड व्यापारी, गोलाई परिसर

गुरुजी, आपल्याबद्दल मला आदर आहे आणि आपण वहीत लिहिलेल्या क्रमांकांत माझ्या गाडीचा क्रमांक असण्याची शक्यता मी नाकारत नाही. तरीही या प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे.

आपण बाजार रस्त्यावरून पाहिला आहे, मी तो गादीवरून पाहतो. लग्नसराईत निलंगा, औसा, देवणी, चाकूर या भागांतून माणसे बस्ता बांधायला येतात. एक जीप, कधी दोन. त्यांत नवरी, तिची आई, मावश्या, मामा आणि गुडघ्यांनी अधू झालेली आजी. बस्त्याचे काम अर्ध्या तासात होत नाही. मानपानाच्या साड्यांवर एकमत व्हायलाच दोन तास लागतात. गेल्या वैशाखात एका कुटुंबातील आजींना आमच्या तीन पायऱ्या चढवेनात, म्हणून त्या गाडीतच बसून राहिल्या आणि आमचा पोरगा साड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत चार वेळा गेला. नातीचा शालू त्यांनी गाडीच्या खिडकीतून हात घालून, पदराचा काठ बोटांनी चाचपून पसंत केला. ती गाडी दुकानापासून दहा पावलांवर होती म्हणून हे घडले. अशा कुटुंबाला दर तासाला पावती फाडायला लावली, तर पुढच्या वेळी ते औसा रोड किंवा अंबाजोगाई रोडवरच्या, स्वतःचे पार्किंग असलेल्या नव्या शोरूममध्ये जातील. तेथील मालक बाहेरगावचा असला तरी त्याचे काही बिघडत नाही. माझ्याकडे मात्र अकरा माणसे कामाला आहेत आणि त्यांतले नऊ जण याच शहरातले आहेत.

दुसरी गोष्ट अशी की, आपण फक्त शुल्क मागता, पार्किंगची जागा मागत नाही. आमच्याच परिसरात अशा इमारती आहेत, ज्यांच्या मंजूर नकाशात तळघर पार्किंगसाठी दाखवले आहे आणि प्रत्यक्षात तेथे गोदाम आहे किंवा गाळे काढून भाड्याने दिले आहेत. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत पार्किंगचे कोष्टक आहे, त्याआधीच्या नियमांतही ते होते. पण बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यानंतर पुन्हा तेथे येऊन कोणी पाहत नाही. ती तळघरे आधी मोकळी करून घ्या. त्यानंतरही रस्त्यावर गाड्या राहिल्या, तर शुल्काचे बोलू.

आणि तिसरे, रस्ता अडवतात ते केवळ आम्हीच नाही. हातगाड्यांच्या दुहेरी रांगा लागतात. त्यांच्याबद्दल आपल्या लेखात एक अक्षरही नाही. कर आम्ही भरायचा आणि दंडही आम्हीच भरायचा, हा न्याय नव्हे.

प्रतिसाद : रहिवासी, गोलाईमागील गल्ली

या दोन्ही मतांत आम्ही कुठेच नाही, म्हणून लिहिते आहे. बाजारात राहणारी माणसेही असतात. आमचे घर तीन पिढ्यांपासून येथे आहे.

गुरुजी, तुमचे शुल्क जर फक्त मुख्य रस्त्यांवर लागू झाले, तर त्या सगळ्या गाड्या वळून आमच्या गल्लीत येतील. हे मी अंदाजाने सांगत नाही. मुख्य रस्त्यावर गाड्या उचलण्याची मोहीम निघते, त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या दारापुढे पाय ठेवायला जागा उरत नाही, हे आम्ही अनुभवलेले आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात, रात्री साडेआठच्या सुमारास माझ्या सासऱ्यांना धाप लागली. रुग्णवाहिका वेळेत आली, पण गल्लीच्या तोंडाशी एक मोठी गाडी आडवी लावलेली होती. तिचा मालक कोण हे कोणालाच सांगता येईना. गल्लीतल्या मुलांनी ती मागून उचलून सरकवण्याचा प्रयत्न केला, पण हँडब्रेक लावलेला असल्याने ती जागची हलली नाही. शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, चादरीने छातीशी बांधून, चौघांनी त्यांना चौकापर्यंत नेले. मी शेजारून पळत होते आणि त्यांचा उजवा पाय खुर्चीवरून सारखा घसरत होता, तो दर चार पावलांनी उचलून ठेवत होते. ते वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आले नसते.

त्यानंतर मी तीन अर्ज दिले. एका कार्यालयाने वाहतुकीचा विषय आमचा नाही असे लिहून दिले, तर दुसऱ्याने रस्ता आमच्या ताब्यात नाही असे तोंडी सांगितले. त्यामुळे शुल्क घ्यावे की घेऊ नये, हा माझ्या दृष्टीने नंतरचा प्रश्न आहे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करण्यास पूर्ण मनाई असावी, तेथे पिवळा पट्टा मारावा, आणि रुग्णवाहिकेइतकी व अग्निशमनाच्या बंबाइतकी रुंदी चोवीस तास मोकळी राहावी, एवढीच माझी मागणी आहे.

प्रतिसाद : विद्यार्थी, मूळ गाव अहमदपूर तालुका

मी शिकवणीसाठी येथे राहतो. उद्योग भवन परिसरात शिकवण्या सुटतात तेव्हा सायकली आणि स्कूटींची जी दाटी होते, ती गोलाईपेक्षा कमी नसते, आणि तिचा विचार या चर्चेत कोणीच केलेला नाही. चारचाकींचे शुल्क ठरवताना निदान सायकलींसाठी राखीव जागा आखावी, अशी विनंती आहे.

प्रतिसाद : वकील, लातूर

व्यापारी बंधूंच्या तिसऱ्या मुद्द्यापुरते लिहितो, कारण तो कायद्याला धरून नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार विक्रेत्यांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा झाले पाहिजे, ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही, आणि जागा बदलायची झाली तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला असतात. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यावेत, असे हा कायदा सांगतो. २०११ च्या जनगणनेतील लातूरची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. तेवढ्यावरून मोजले तरी हा आकडा साडेनऊ हजारांच्या आसपास जातो.

गाडा लावणाऱ्याला उपजीविकेचा कायदेशीर आधार आहे. स्वतःची मोटार सार्वजनिक रस्त्यावर दिवसभर ठेवण्याचा तसा हक्क मात्र कोणत्याही कायद्याने कोणाला दिलेला नाही. उलट, इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई आहे. ताईंच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली ती गाडी याच कलमात बसते. त्यासाठी नवा ठराव, नवे शुल्क किंवा नवी समिती यांपैकी कशाचीही गरज नव्हती; त्या रात्रीच्या आधी कोणीतरी एकदा कारवाई करायला हवी होती.

तळघरांबाबत मात्र व्यापारी बंधूंशी मी पूर्ण सहमत आहे. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

ताईंनी जे लिहिले ते वाचल्यावर माझ्या प्रस्तावातला दोष माझ्या लक्षात आला. मी मोठ्या रस्त्यांचाच विचार केला होता. शुल्क लागू करण्यापूर्वी गल्ल्यांची तोंडे मोकळी झाली पाहिजेत आणि आतल्या गल्ल्यांत केवळ तेथील रहिवाशांच्या वाहनांना परवानगी असली पाहिजे, ही दुरुस्ती मी मान्य करतो. त्याशिवाय शुल्काची अंमलबजावणी करू नये.

शेठजी, आपल्या दुकानापुढे थांबलेल्या आजींची गोष्ट मला पटली, पण ती माझ्याच बाजूची आहे. त्या दिवशी आपल्या दारात जीपला जागा मिळाली, हा योगायोग होता. बस्त्याला आलेल्या किती जीप जागा न मिळाल्याने दोन फेऱ्या मारून पुढे निघून जातात, ते आपल्याला गादीवरून दिसत नाही. मला चौकातून दिसते. दुकानदारांच्या गाड्या उठल्या तरच गिऱ्हाइकाची गाडी दारात लागेल. हवे तर असे करता येईल की, बस्त्यासारख्या मोठ्या खरेदीनंतर दुकानदाराने पावतीवर शिक्का द्यावा आणि ते शुल्क गिऱ्हाइकाऐवजी दुकानाने भरावे. वृद्ध आणि अपंग व्यक्तींना सवलत असावी, याबद्दल वाद नाही.

तळघरे आधी की शुल्क आधी, या क्रमावर मात्र मी अडून राहणार आहे. तळघरांच्या कारवाईत नोटिसा, सुनावण्या, स्थगिती असे सगळे येते. त्याला किती वर्षे लागतील कोणी सांगू शकणार नाही. एप्रिल २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडेच होता. इतकी वर्षे आपण प्रश्न तरी कोणाला विचारणार होतो? आता प्रत्येक प्रभागाला नगरसेवक आहेत. हा विषय सभागृहाच्या पटलावर यावा, त्यावर नोंदवून मतदान व्हावे, कोण कोणत्या बाजूने उभे राहिले ते शहराला कळावे.

प्रतिसाद : कापड व्यापारी

गुरुजी, शिक्क्याची कल्पना मी आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांपुढे मांडेन, पण ती मान्य होईल असे आश्वासन देत नाही. लहान दुकानदाराच्या दिवसभराच्या नफ्यातून चार गाड्यांचे शुल्क गेले तर त्याच्या हाती काय उरेल, याचा हिशेबही आपल्या वहीत यायला हवा. शुल्काची वसुली ठेकेदाराकडे गेली, तर पावती एका दराची आणि पैसे दुसऱ्या दराचे, असे प्रकार होतात, ही भीतीही मी येथे नोंदवून ठेवतो. माझा विरोध कायम आहे.

ताई, आपल्या गल्लीबद्दल मात्र माझा विरोध नाही. माझी गाडी आपल्या गल्लीच्या वळणावर अनेकदा लागलेली आहे. उद्यापासून ती घरी राहील आणि मी ऑटोने येईन. पिवळ्या पट्ट्यासाठी आपण चौथा अर्ज कराल, तेव्हा त्यावर आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांच्या सह्या घेऊन देण्याची जबाबदारी माझी.

प्रतिसाद : रहिवासी, गोलाईमागील गल्ली

भाऊ, अर्ज तयार आहे. गुरुवारी सकाळी अकरा वाजता दुकानात घेऊन येते. जुन्या तिन्ही अर्जांच्या पोचपावत्याही सोबत जोडल्या आहेत.