करुण, करुणा आणि कीव : नटाची एक शंका

प्रश्न : तालमीत दिग्दर्शक सारखे म्हणतात, "या माणसाकडे करुणेनं बघ." पात्र बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचं आहे. मी आवाज ओला केला की म्हणतात, "ही कीव झाली." बौद्ध साहित्यातली करुणा तीच का ही?

– मराठीत या शब्दानं दोन घरं केली आहेत. 'करुणा भाकणे' म्हणताना ती दुःखात असलेल्याच्या तोंडी असते, 'करुणा येणे' म्हणताना बघणाऱ्याच्या मनात. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत ती बघणाऱ्याचीच. पाचव्या शतकात बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या आपल्या ग्रंथात शब्दाची फोड केली आहे : दुसऱ्याच्या दुःखानं सज्जनांचं हृदय कंपित करते ती करुणा. व्याकरणात ही फोड कितपत टिकेल कोण जाणे, पण नटाच्या कामाची आहे. 'अनुकंपा'तही तोच कंप आहे, फक्त नोकरीच्या अर्जांनी त्या शब्दाचा जीव घेतला.

त्याच ग्रंथात करुणेचे दोन वैरी सांगितलेत. दूरचा वैरी क्रौर्य, तो लगेच ओळखू येतो. जवळचा म्हणजे आपल्याच हळहळीतून आलेला शोक. तो करुणेसारखाच दिसतो म्हणून फसवतो. तुमचा ओला आवाज त्यातला असावा.

– गंमत म्हणजे भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रसाचा स्थायीभाव, म्हणजे ज्यातून तो रस उभा राहतो ती मूळ भावना, शोकच आहे. त्यामुळे 'करुण' आणि 'करुणा' एका मापानं मोजू नका. करुण हा प्रेक्षकाला येणारा रस, तो तुम्ही आधीच रडून संपवू नये.

– आणि कीव? "मला तुझी कीव येते" हे मराठीत भांडणातलं वाक्य आहे. बोलणारा एक पायरी वर चढूनच ते बोलतो. "मला तुझी करुणा येते" असं भांडताना कुणी म्हणेल का?

प्रश्नकर्ता : पटलं. पण मारायच्या प्रसंगात करू काय?

– भावना करूच नका, काम करा. तो कमरेचा पट्टा सोडतोय, बक्कल अडकलंय, बायको बघतेय, आणि आता मागे फिरलो तर हसं होईल ही भीती त्याला आहे. ती भीती खरी धरा. त्याला माफ करायचं नाही, त्याचा निवाडाही करायचा नाही. मार मात्र मारासारखाच दिसला पाहिजे. तो सौम्य केलात तर त्या बाईवर अन्याय होईल.

– बुद्धांना नटांचं फार कौतुक होतं असं मात्र समजू नका. बुद्धांच्या उपदेशांचा पाली संग्रह असलेल्या संयुत्त निकायात तालपुट नावाचा नटांचा म्होरक्या विचारतो, लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांमध्ये जातो असं आमचे जुने नट सांगतात, खरं का? बुद्ध दोनदा टाळतात. तिसऱ्यांदा सांगतात की राग, द्वेष, मोह लोकांत असतातच, नट ते आणखी भडकवतो. त्याची गती नरकात. (पालीतला राग म्हणजे आसक्ती, आपला संताप नव्हे.) तालपुट रडतो, पण बुद्धांच्या बोलण्यानं नव्हे, जुन्या नटांनी इतकी वर्षं फसवलं म्हणून.

– पुढचंही सांगा की! तो भिक्खू होतो, अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त होतो. थेरगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या गाथांच्या संग्रहात, त्याच्या गाथा आहेत आणि त्यांत तो स्वतःच्या चित्ताला समोर उभं करून खडसावतो. स्वगताची सवय सुटली नव्हती म्हणायची.